चकवा, वेताळ आणि सहा इंची पट्टी : काल्पनिक युद्धखेळाचे नियम स्वतः कसे बांधावेत

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस नाशिकच्या रस्त्यांवर मावळे, तोफा आणि घोडेस्वार विकायला येतात, अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात, त्यांवर हळीव पेरले जातात, आणि तुळशीचे लग्न उरकले की हे सगळे सैन्य एका खोक्यात भरून माळ्यावर टाकले जाते. युद्धखेळाला लागणारे जवळपास सर्व सामान त्या खोक्यात असते. नसतात ते फक्त नियम. हे नियम स्वतः कसे तयार करावेत, म्हणजे दोन माणसे एका बैठकीत सुमारे तासाभरात निकाली लढाई खेळतील आणि उठताना पुन्हा एक डाव मांडावासा वाटेल, याची रीत या लेखात क्रमाने दिली आहे. उदाहरण म्हणून एकच खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधला आहे. त्यातले आकडे आपापल्या सोयीने बदलावेत, पण ते आकडे कोणत्या विचाराने आले तो विचार सोडू नये.

नियमांचा पसारा ही या छंदाची जुनी व्याधी आहे. प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावरचा युद्धखेळ रूढ केला, तेव्हा त्यात फासे, मोजमापे आणि हानीची कोष्टके होती. पुढे ही कोष्टके इतकी जड वाटू लागली की १८७०च्या दशकात त्याच सैन्यातल्या काही अधिकाऱ्यांनी ती बाजूला ठेवली आणि निकाल अनुभवी पंचावर सोपवण्याची पद्धत स्वीकारली. आपल्याकडे असा पंच नसतो. म्हणून नियम थोडेच हवेत, आणि प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचारायला हवा : या नियमामुळे खेळाडूच्या हातात कोणता निर्णय येतो? निर्णय येत नसेल, तर तो नियम कितीही खराखुरा वाटला तरी काढून टाकावा.

आधी मर्यादा, मग नियम

पहिल्या कागदावर नियम लिहू नयेत. त्यावर चार गोष्टी लिहाव्यात : पट किती मोठा, प्रत्येकाकडे किती तुकड्या, किती फेऱ्या आणि किती वेळ. आपल्या खेळासाठी तीन फूट बाय तीन फुटांचा पट, प्रत्येकी सहा तुकड्या, सहा फेऱ्या आणि एक तास असे धरू. दीड बोटभर जाडीच्या पुठ्ठ्याची गरज नाही. जुन्या खोक्याचा पुठ्ठा पुरतो, त्यावर तीन मावळे चिकटवले की एक तुकडी झाली. प्रत्येक तुकडी एकच मोहरा मानावी, कारण एकेक मावळा स्वतंत्र हलवायला लागलो तर पहिल्या दोन फेऱ्यांतच तास संपतो.

मोजणीसाठी टेप वापरू नये. शाळेच्या कंपासपेटीत पंधरा सेंटिमीटरची, म्हणजे साधारण सहा इंचांची पट्टी असते. तीच आपले एकमेव माप. पायदळ एका चालीत एक पट्टी जाते, घोडदळ दोन पट्ट्या, गोफणीचा दगड दोन पट्ट्यांपर्यंत पोचतो. अर्धी पट्टी, पाऊण पट्टी असे काही ठेवू नये, कारण भांडणे तिथेच सुरू होतात.

एवढे ठरवल्याबरोबर एक हिशेब आपोआप सुटतो. तीन फुटांचा पट म्हणजे सहा पट्ट्या. दोन्ही सैन्ये आपापल्या काठापासून एका पट्टीच्या आत मांडली, तर मध्ये चार पट्ट्यांचे अंतर उरते, आणि दोघेही पुढे सरकले तर दुसऱ्या फेरीतच पायदळ पायदळाला भिडते. सहा फेऱ्यांच्या खेळात हे योग्य आहे. पट मोठा करून चाल तेवढीच ठेवली, तर निम्मा खेळ नुसता चालण्यात जातो; नवशिक्या रचनाकारांच्या बहुतेक कंटाळवाण्या खेळांचे कारण मला तरी इथेच सापडते.

पाळी आणि हुकूम

एकाने सगळे सैन्य हलवायचे आणि मग दुसऱ्याने, ही पद्धत लिहायला सोपी असली तरी समोरचा दहा मिनिटे मोबाइल बघत बसतो. त्यापेक्षा एक तुकडी तुझी, एक तुकडी माझी, असे आळीपाळीने हलवावे.

यावर एक छोटी भर घातली की खेळ एकदम रंगतो. फेरीच्या सुरुवातीला प्रत्येकाने दोन फासे टाकावेत आणि त्यांतला मोठा आकडा घ्यावा. तितके हुकूम त्या फेरीत मिळतील, आणि एका हुकुमाने एकच तुकडी हलेल. दोन फाशांतला मोठा घेतल्यामुळे सरासरी साडेचारच्या आसपास पडते आणि दोन किंवा त्याहून कमी हुकूम मिळण्याची शक्यता अवघी ११ टक्के राहते. तुकड्या सहा, हुकूम सरासरी चार-पाच. म्हणजे दहांतल्या साधारण सात फेऱ्यांत कोणाला तरी जागेवर ठेवावे लागते, आणि ते कोणाला, हा निर्णय खेळाडूला घ्यावा लागतो. हुकूम न मिळालेली तुकडी अंगावर आलेल्या शत्रूशी मात्र लढतेच. नाहीतर नशिबाने खाल्लेल्या माणसाला दुहेरी मार बसेल. ज्याचे हुकूम उरतील, त्याने ते शेवटी सलग वापरावेत.

मारामारी : एकाच फेकीत

प्रत्येक तुकडीला चार ‘दम’ द्यावेत आणि ते दाखवायला तिच्यामागे चार चिंचोके ठेवावेत. भिडल्यावर दोन्ही तुकड्यांनी एकाच वेळी चार-चार फासे टाकायचे. ४, ५ किंवा ६ पडलेला प्रत्येक फासा शत्रूचा एक चिंचोका उचलतो. हल्ला चढवणाऱ्याला एक फासा जास्त. चिंचोके संपले की तुकडी पटावरून बाहेर.

पुष्कळ प्रसिद्ध युद्धखेळांत आधी मारणाऱ्याने फासे टाकायचे आणि मग मार खाणाऱ्याने बचावाचे फासे टाकायचे अशी पद्धत असते. बचावाची फेक हातात असली की बरे वाटते, हे खरे. पण हिशेब पाहावा : चार फाशांतून सरासरी दोन घाव बसतात आणि दम चार आहेत, म्हणजे समोरासमोरची झुंज दोन फेऱ्यांत निकाली निघते. त्यावर निम्मे घाव वाचवणारी फेक ठेवली, तर सरासरी एक घाव उरतो आणि तीच झुंज चार फेऱ्या रेंगाळते. सहा फेऱ्यांच्या खेळात हे परवडत नाही. ‘भक्कम’ तुकडी हवी असेल, तर बचावाची फेक न देता तिला सहा दम द्यावेत. तुकडी जास्त टिकते आणि फासेही कमी लागतात.

हल्लेखोराला जास्तीचा फासा का, हेही सांगायला हवे. तो नसेल, तर शहाणा खेळाडू जागचा हलत नाही आणि समोरच्याच्या चुकीची वाट पाहत बसतो, आणि समोरचाही तितकाच शहाणा असतो. खेळ पुढे ढकलण्याचे काम नियमांनीच करायचे असते.

गोफणवाल्यांना दुरून तीन फासे द्यावेत आणि त्यांचा घाव ५ किंवा ६ वरच बसावा; म्हणजे फेरीला सरासरी एक घाव. पायदळ त्यांच्या टप्प्यात साधारण दोन फेऱ्या असते, तेवढ्यात त्याचे निम्मे दम जातात, पण ते पोचतेच. भिडल्यावर गोफणवाल्यांना दोनच फासे. दुरून मारा करणारे याहून प्रबळ केले, तर दोघेही सहाच्या सहा गोफणी घेऊन येतील.

धीर

चिंचोके दोन किंवा त्याहून कमी उरले की त्या क्षणी तुकडीने एकदा धीर पाहावा : दोन फाशांची बेरीज ७ किंवा जास्त आली तर ती टिकते, नाहीतर एक पट्टी मागे हटते. टिकण्याची शक्यता ५८ टक्के. सरदार एका पट्टीच्या आत असेल तर बेरजेत एक मिळवावा. शक्यता ७२ टक्क्यांवर जाते. सरदाराला पुढे घालून लढवावे की मागे ठेवून माणसे सावरावीत, हा पेच एवढ्या एका अंकातून तयार होतो. दोन फाशांच्या बेरजेत मधले आकडे जास्त पडतात, त्यामुळे इथे एकाच्या फरकाला वजन येते. ७ च्या जागी ८ ठेवले, तर तीच शक्यता एकदम ४२ टक्क्यांवर उतरते.

जखमी तुकडीचे फासेही कमी करावेत का, हा प्रश्न हमखास येतो. वास्तवाला धरून ते बरोबर आहे, पण ज्याची पहिली झुंज बिनसली त्याचा बाकीचा डावही तिथेच बुडतो. मी ते टाळतो.

अद्भुत कुठून आणायचे

इथे आपल्याकडे इतका ऐवज आहे की परक्या बुटक्यांची आणि पंखवाल्या सापांची उसनवारी करण्याची गरज पडू नये. आपल्या आजीच्या गोष्टींतले प्रत्येक भूत स्वतःचा नियम घेऊनच आलेले असते. रचनाकाराने तो फक्त पट्टीत आणि फाशांत उतरवायचा.

मुंजा पिंपळावर राहतो. म्हणून त्याला सहा फासे द्यावेत, पण पटावरच्या पिंपळापासून एका पट्टीपेक्षा लांब जाता येणार नाही. पिंपळ कुठे लावायचा, हे त्याच्या मालकाने सैन्य मांडण्याआधी ठरवायचे. त्या एका झाडामुळे पटाचा एक भाग शत्रूसाठी महाग होऊन जातो. गिऱ्हा पाण्यातला, तो नदीच्या पट्ट्याबाहेर येत नाही, पण पाण्यात उतरलेल्या तुकडीला हुकूम न खर्चता दोन फाशांनी घाव घालतो.

चकवा मला सर्वांत आवडतो, कारण तो कोणालाही मारत नाही. त्याला हुकूम दिला की दोन पट्ट्यांच्या आतली शत्रूची एक तुकडी निवडायची. त्या फेरीत ती तुकडी हलली, तर किती जायचे ते तिचा मालक ठरवील आणि कोणत्या दिशेने जायचे ते चकव्याचा मालक. स्वतःच्या सैन्यावर तिला चालवून नेता येणार नाही, एवढी एक अट पुरते. पटावर हे कसे दिसते ते पाहा. घोडदळ देवळाच्या दारापासून दोन पट्ट्यांवर उभे आहे, त्याला चकवा लागला. मालकाने ते हलवले, तर घोडे गिऱ्ह्याच्या डोहात जातील. हलवले नाही, तर एक फेरी वाया जाईल. तिसरी वाट अशी की एकच पट्टी हलवून डोहाच्या अलीकडे थांबावे आणि पुढच्या फेरीत वळून यावे. तीन ओळींच्या नियमातून तीन पर्याय निघाले, आणि तिन्हींत काहीतरी गमवावे लागते.

वेताळ हा भुतांचा राजा, म्हणून तो त्यांचा सरदार : सहा दम, सहा फासे. मानवी तुकडीला कोणत्याही भुतावर हल्ला चढवण्याआधी धीर पाहावा लागेल. तो सुटला तर ती जागीच थांबेल. मशाल घेतलेल्या तुकडीला ही अट नाही. याहून जास्त अपवाद एका सैन्यात ठेवू नयेत. साध्या तुकड्या चार आणि विशेष तुकड्या दोन, हे प्रमाण पहिल्या खेळासाठी पुष्कळ झाले.

मंत्रविद्येला किंमत असली पाहिजे. मांत्रिकाने एक ते चार फासे आपल्या मर्जीने उचलावेत. ५ किंवा ६ पडलेला प्रत्येक फासा म्हणजे एक सिद्धी. लहान मंत्राला एक सिद्धी लागते, मोठ्याला दोन. पण दोन किंवा अधिक फाशांवर १ पडला, तर मंत्र उलटतो आणि मांत्रिकाचा एक दम जातो. चार फासे घेतल्यास लहान मंत्र साधण्याची शक्यता ८० टक्के, मोठा साधण्याची ४१ टक्के, आणि उलटण्याची १३ टक्के. तीन फासे घेतल्यास हेच आकडे ७०, २६ आणि ७ होतात. एका फाशाला लहान मंत्र तीनांत एकदाच साधतो, पण तो कधी उलटत नाही. खेळाडूला हे गणित तोंडपाठ नसते, तरी दोन डावांत त्याच्या हाताला ते कळते.

भूमी आणि घड्याळ

डोंगर, झाडी, पाणी आणि तटबंदी एवढे चार प्रकार पुरेत. झाडीत चाल थांबते, म्हणजे तुकडी झाडीच्या काठाशी उभी राहते आणि पुढच्या हुकुमाला आत शिरते. उंचावरच्याला एक फासा जास्त मिळतो. तटाआडच्याला घाव ५ किंवा ६ वरच बसतात. बस.

पाण्याबाबत नाशिककरांना वेगळे काही सुचवायला नको. गोदावरीला पूर आला की पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत आले, हेच इथे पुराचे माप असते. तेच पटावर आणावे : नदीकाठी मारुतीचे पुठ्ठ्याचे चित्र उभे करावे, त्यावर पाय, गुडघे, कंबर, छाती अशा खुणा कराव्यात, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी एक फासा टाकावा, ४ किंवा जास्त पडले तर पाणी एक खूण चढते. कंबरेला लागले की पायदळाला उतार बंद, छातीला लागले की घोड्यांनाही. तिसऱ्या फेरीअखेर उतार बंद होण्याची शक्यता आठांत एक, चौथीअखेर ३१ टक्के, पाचवीअखेर नेमकी निम्मी. त्यामुळे तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक फाशाकडे दोघेही मान वर करून पाहतात. फेऱ्यांची मर्यादा हे कोरडे घड्याळ असते; असे एखादे ओले घड्याळ जोडीला असले, की घाई कोणी करायची आणि रेंगाळायचे कोणी, हे पटावरच ठरते.

जिंकायचे कशासाठी

शत्रूचा समूळ नाश हे उद्दिष्ट ठेवू नये. त्यात हरणाऱ्याला शेवटचा अर्धा तास नुसते मरायचे असते. जागा राखणे, कोणाला तरी पलीकडे पोचवणे, काहीतरी पळवणे, असे उद्दिष्ट द्यावे, म्हणजे दोनच तुकड्या उरलेला माणूसही जिंकू शकतो.

शहराजवळच्या रामशेजवर यासाठी तयार प्रसंग आहे. १६८२ साली मोगलांनी त्या किल्ल्याला वेढा घातला आणि थोड्याशा शिबंदीनिशी तो कित्येक वर्षे झुंजला. त्या वेढ्याची एक कथा सांगितली जाते : गडावरच्या मराठ्यांना भुते वश आहेत अशी वदंता मोगल छावणीत पसरली होती, म्हणून मोगल सरदार बहादूरखानाने एका मांत्रिकाला आणले, तो सोन्याचा नाग हातात धरून फौजेच्या पुढे चालू लागला, आणि गडावरून सुटलेला गोफणीचा दगड त्याच्या छातीत बसला. कथेत खेळाचा आराखडा जवळजवळ पूर्ण आहे. गडकऱ्याला चार तुकड्या : दोन मावळ्यांच्या, एक गोफणींची, आणि वदंता खरी धरून एक वेताळ. हल्लेखोराला सात तुकड्या आणि दोन दमांचा मांत्रिक. मांत्रिकाच्या एका पट्टीच्या आतल्या तुकड्यांना भुतासमोर धीर पाहावा लागत नाही, पण मांत्रिक नेहमी सैन्याच्या सर्वांत पुढे असला पाहिजे, आणि तो पडला की त्याच्या एका पट्टीच्या आतल्या सर्वांनी लगेच धीर पाहायचा. सहाव्या फेरीअखेर दरवाजात हल्लेखोराची एक तरी तुकडी उभी असेल, तर किल्ला पडला. गोफणीच्या एका माऱ्यात मांत्रिक पडण्याची शक्यता साधारण चारांत एक. तेव्हा त्याला धावत न्यायचे की पुरेशी फौज गोळा होईपर्यंत टप्प्याबाहेर थांबवायचे, यावर सगळा डाव फिरतो.

किंमत ठरवणे

दोघांची सैन्ये वेगळी असतील, तर तुकड्यांना मोल लावावे लागते. मावळ्यांची तुकडी फेरीला सरासरी दोन घाव घालते आणि चार दम टिकते; गुणाकार ८. वेताळ तीन घाव घालतो, सहा दम टिकतो; गुणाकार १८. यावरून वेताळ सव्वादोन तुकड्यांच्या बरोबरीचा, असे म्हणावेसे वाटते, पण ते चुकीचे आहे. दोन मावळा-तुकड्या मिळून चार घाव आणि आठ दम, म्हणजे गुणाकार ३२. तुकड्या दुप्पट झाल्या आणि गुणाकार चौपट. म्हणून वर्गमूळ घ्यावे, तसे घेतले की वेताळ दीड तुकडीचा ठरतो. संख्याबळाचा परिणाम वर्गाच्या हिशेबाने वाढतो, हे ब्रिटिश अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडले होते. त्यात वेताळाला एकच हुकूम पुरतो, म्हणून आणखी अर्धा धरावा आणि मावळ्यांच्या दोन तुकड्यांइतके मोल लावावे. चकव्याचे मोल मात्र कोणत्याही सूत्रातून निघत नाही. ते खेळूनच ठरवावे लागते.

लेखन आणि पारख

नियम एका कागदाच्या दोन बाजूंवर बसले पाहिजेत, आणि ते खेळाच्या क्रमाने लिहावेत : मांडणी, हुकूम, चाल, मारा, झुंज, धीर, फेरीअखेर. एका गोष्टीला एकच शब्द वापरावा; एकदा ‘तुकडी’ म्हटले की पुढे ‘पथक’ किंवा ‘दल’ म्हणू नये, कारण वाचणाऱ्याला ती निराळी वस्तू वाटते. ‘करता येईल’ आणि ‘करावे लागेल’ यांतला फरक काटेकोर पाळावा. अंतर पुठ्ठ्याच्या काठापासून काठापर्यंत मोजायचे, हे स्पष्ट लिहावे. वाद झालाच, तर दोघांनी एकेक फासा टाकावा, मोठ्या आकड्याचे म्हणणे त्या डावापुरते मान्य करावे आणि वादाचा मुद्दा कागदाच्या कडेला टिपून ठेवावा. रडीच्या डावावर एवढा एकच उपाय मला माहीत आहे.

पहिले दोन-तीन डाव एकट्याने दोन्ही बाजूंनी खेळावेत. त्यात गणिताच्या ढोबळ चुका निघतात. मग ओळखीच्या माणसाबरोबर खेळावे, आणि त्यानंतर ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही अशा दोघांच्या हातात कागद देऊन स्वतः गप्प बसावे. हे गप्प बसणे कठीण असते; ‘अरे, तसे नाही’ हे शब्द ओठांवर येतात. पण ते दोघे जिथे अडतात तिथे कागद अपुरा आहे, आणि जिथे चुकीचे खेळूनही जास्त मजा घेतात, तिथे बहुधा त्यांचाच नियम ठेवण्याजोगा असतो. लहान भावंड खेळायला बसले, तर त्याला लिंबूटिंबू म्हणून नुसते बसवू नये. दोन फाशांऐवजी तीन टाकून त्यातला मोठा आकडा हुकुमांसाठी घेऊ द्यावा. त्यामुळे बरोबरी साधते आणि इतर नियम तसेच राहतात.

प्रत्येक डावानंतर चार नोंदी कराव्यात : किती वेळ लागला, कोण जिंकले, कोणता नियम पुन्हा वाचावा लागला, आणि कोणती तुकडी नुसती उभी राहिली. जिंकण्याच्या नोंदीवरून घाईने निष्कर्ष काढू नये. दहा डावांत एका बाजूने सात किंवा त्याहून जास्त जिंकले, तर खेळ एका बाजूला झुकला आहे असे वाटते. पण खेळ अगदी समतोल असला, तरी दोहोंपैकी एका बाजूच्या वाट्याला असा निकाल येण्याची शक्यता ३४ टक्के असते. नुसती उभी राहिलेली तुकडी मात्र तीन डावांतही खरे सांगते. तिचे आकडे वाढवण्याआधी तिला करण्यासारखे काही काम पटावर आहे का, ते पाहावे. बदल करताना एका वेळी एकच आकडा बदलावा, कागदावर नव्या प्रतीचा क्रमांक टाकावा, जुनी प्रत मावळ्यांच्याच खोक्यात ठेवावी, आणि दुसरा बदल करण्याआधी निदान तीन डाव खेळावेत.